मागून धडक बसलेल्या पद्मिनीची डिकी अडकली आहे. झाकण न कापता उघडता येईल का?

जुनीपद्मिनी_सातारा
नमस्कार. आमच्या घरी १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या आठवड्यात ती सिग्नलला उभी असताना मागून टेम्पोची धडक बसली. बंपर आत सरकला, त्यामागचा खालचा पत्रा दबला आणि डिकीचे झाकण उजवीकडे घट्ट रुतून डावीकडे बोटभर वर आले आहे. चावी पूर्ण फिरते, आत खटका हलल्याचा आवाजही येतो; पण झाकण तसूभर वर येत नाही. स्टेपनी, जॅक आणि पाने सगळे आतच आहे. आमचे डेंटर म्हणतात की ग्राइंडरने झाकण कापावे आणि भंगार बाजारातून दुसरे आणून बसवावे. मला मूळ झाकण वाचवायचे आहे. पहार घालून उचकटले तर चालेल का, की कुलूपच ड्रिलने फोडावे?

खटका_आणि_बिजागरी
दोन्ही करू नका. चावी पूर्ण फिरते आणि आवाजही येतो, याचा अर्थ कुलूप बहुधा शाबूत आहे. कुलूप फोडून तुम्ही चालणारी वस्तू बिघडवाल आणि अडचण जागच्या जागी राहील. झाले आहे ते असे: खटका ज्या कडीत अडकतो ती कडी खालच्या पत्र्यावर असते आणि तो पत्राच धडकेने पुढे ढकलला गेला आहे. त्यामुळे कडी खटक्यावर इतक्या जोराने दाबून बसली आहे की चावीची ताकद त्याला सोडवायला पुरत नाही. अशा वेळी झाकणाला हात न लावता दबलेला पत्रा मागे ओढावा. तो नाहीतरी सरळ करावाच लागणार आहे.

बंपरचे ब्रॅकेट ज्या भागाला जोडलेले असतात तिथे, म्हणजे पातळ पत्र्याला नव्हे तर मजबूत जोडाला, साखळी अडकवा. तिचे दुसरे टोक हाताने चालवायच्या चेन ब्लॉकमधून (साखळी ओढून जड वस्तू खेचायच्या कप्पीतून) पक्क्या खांबाला बांधा, पुढच्या चाकांना पुढूनमागून दगड लावा आणि एकेक दात ओढत जा. प्रत्येक वेळी एकाने झाकण खटक्याच्या वर तळहाताने खाली दाबावे आणि दुसऱ्याने चावी फिरवून पाहावी. खाली दाबणे विचित्र वाटेल, पण खटक्यावरचा ताण तेवढ्यानेच क्षणभर सैल होतो. साखळीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. दुसरी गाडी जोडून हिसका देण्याचा मोह तर अजिबात नको. हिशेब चुकला की ब्रॅकेट हातात येते आणि पत्रा तिथेच राहतो. माझ्या तरुणपणी असे एक ब्रॅकेट मी स्वतःच उपटले आहे.

पहारीबद्दल इतकेच सांगतो, की झाकणाची कड एकदा वाकली की ती पुन्हा सरळ रेषेत आणणे खालचा पत्रा सरळ करण्यापेक्षा कठीण असते.

माजी_टॅक्सीमालक_कुर्ला
वरील सल्ला योग्य आहे, पण त्याआधी एक गोष्ट पाहा. या गाडीत पेट्रोलची टाकी मागच्याच भागात असते. धडकेने तिचा सांधा किंवा नळी सैल झाली असेल तर बंद डिकीत वाफ साठते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी बसून राहते. अशा डिकीवर ग्राइंडरच्या ठिणग्या उडवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. काम उघड्यावर करा, बॅटरीची ऋण तार आधी सोडा आणि पेट्रोलचा जरासाही वास आला तर टाकी रिकामी झाल्याशिवाय साखळीही लावू नका.

गाडीला सीएनजी असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण सिलिंडर आणि त्यावरची झडप दोन्ही त्याच बंद डिकीत असतात. मग हे काम आधी गॅसच्या फिटरचे आहे, डेंटरचे नंतर. डिकी उघडल्यावर सिलिंडरची चाचणी पुन्हा करून घ्यावी, तीन वर्षांची मुदत बाकी असली तरीही.

कागदपत्र_आधी
ओढाताण करण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवा आणि विमा असेल तर सर्व्हेअरला गाडी आहे तशी दाखवा. दुसरे असे की तुमच्या गाडीच्या पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झाली असतील, तर ती २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीच्या वयात आली आहे. तिथे बॉडी मूळ रूपात असणे पाहिले जाते, त्यामुळे मूळ झाकणाचा तुमचा आग्रह मला रास्त वाटतो.

साखळीआधी आतूनही एकदा पाहा. मागच्या सीटची गादी उचलून पाठ काढा. मागे पुठ्ठा असेल तर तो सोडवून टॉर्चने खटक्याकडे बघता येईल. एखाद्या जुन्या दुरुस्तीत तिथे पत्रा ठोकलेला निघाला तर मात्र तो नाद सोडा.

जुनीपद्मिनी_सातारा
सर्वांचे आभार. गाडी पेट्रोलवरचीच आहे आणि वास नव्हता. तरी टाकी रिकामी केली. सीटमागे पुठ्ठाच निघाला. टॉर्च मारल्यावर दिसले की कडी दबली होतीच, शिवाय जॅक घसरून झाकणाच्या उजव्या कडेखाली पाचरीसारखा बसला होता. लांब सळईने तो बाजूला ढकलला आणि मग चेन ब्लॉक लावला. पत्रा साधारण इंचभर मागे आला असेल, तेवढ्यात चावीवर झाकण सुटले. डेंटरनीच ते दाबून धरले होते आणि कापण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उजवी बिजागरी मात्र पिळली आहे, त्यामुळे झाकण बंद केल्यावर त्या बाजूला फट राहते. ती बिजागरी गाडीवरच सरळ करावी की सोडवून शिकंजात धरून करावी?

खटका_आणि_बिजागरी
सोडवून. मात्र बोल्ट काढण्यापूर्वी तिच्या कडेने पत्र्यावर टोकदार खिळ्याने रेघ मारून ठेवा, म्हणजे परत बसवताना मूळ जागा सापडेल. खालचा पत्रा पूर्ण सरळ होईपर्यंत फटीवरून बिजागरीचा अंदाज बांधू नका आणि झाकणाच्या कडेचे नवे रबरही तोवर घेऊ नका.