मदत हवी आहे: हंपी, दोन दिवस आणि आईचे गुडघे

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेसने होसपेटला उतरतोय. मी, बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि आई. हातात पूर्ण दोन दिवस.

मी कॉलेजात असताना मित्रांबरोबर जाऊन आलोय, पण त्या अनुभवाचा आता काडीचा उपयोग नाही. पहाटे मातंग टेकडी चढलो होतो, मग नदीकाठाने चालत विठ्ठल मंदिर. डोक्यात राहिलं ते एवढंच की हे एक स्मारक नाही, अख्खं शहर आहे, विजयनगरची जुनी राजधानी. बाजारपेठा, पुष्करणी, हत्तीशाळा, सगळं मैलोन्मैल पसरलेलं आणि मध्येच केळीच्या बागा. १५६५ साली तालिकोटच्या लढाईनंतर ते उजाड झालं. गाईडची ती गोष्ट आम्ही वडे खात ऐकली होती.

आई अडुसष्ट वर्षांची. तीन वाऱ्या चालत केलेली बाई, पण आता गुडघे बोलतात. चढते, उतरताना मात्र डोळ्यांत पाणी येतं. तिला हंपीत एकच गोष्ट बघायची आहे. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती नेली आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी ती परत आणली, ही कथा ती लहानपणापासून ऐकत आली आहे. मी म्हटलं, अगं, तिथल्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. तर म्हणाली, "म्हणून तर जायचंय. रिकामा गाभारा बघायचाय."

तर, विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी जाते का? तिला किती चालावं लागेल? आणि होसपेटला राहू की हंपी गावातच?

प्रतिसाद १
गेल्या जानेवारीत आईवडिलांना घेऊन गेलो होतो. गाडी साधारण एक किलोमीटर अलीकडे थांबते, पुढे बॅटरीवरच्या गाड्या. सकाळी उघडताच जा. उशीर केलात तर रांगेत उभं राहूनच गुडघे संपतील. आत दगडी रथापर्यंत (पन्नासच्या नोटेवरचा) सपाट आहे. मंडपाची जोती उंच आहेत, तिथे हात धरा. तिकीट फेकू नका, त्याच दिवशी कमळ महाल, हत्तीशाळा आणि कमलापूरच्या संग्रहालयात तेच चालतं. कमळ महालाच्या आवारात हिरवळ आहे, आई तिथे आरामात बसतील. हजार राम मंदिर मात्र सोडू नका. भिंतींवर अख्खं रामायण कोरलंय. माझ्या आईने एकेक प्रसंग ओळखून आम्हालाच सांगितला, गाईड गप्प!

मुक्काम होसपेटलाच करा. तेरा किलोमीटर आहे, पण लिफ्ट असलेलं हॉटेल मिळतं. दिवसभराची रिक्षा ठरवा आणि कुठे कुठे जायचं ते आधीच बोलून घ्या. नाहीतर तीन ठिकाणांनंतर "हे वेगळं" सुरू होतं.

प्रतिसाद २
अंजनाद्री टेकडीचा हट्ट कुणी केला तर ऐकू नका, ५७५ पायऱ्या आहेत. सूर्यास्तासाठी हेमकूट टेकडी. विरूपाक्षाच्या शेजारीच आहे, चढ सौम्य आहे. पण खडक उतरता आहे, चपला घसरणाऱ्या नकोत. मुलाला विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी सावली नक्की दाखवा, भिंतीतल्या छोट्या भोकातून पडते. शाळेतला पिनहोल कॅमेराच तो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. हजार राम पक्कं. आईला वाचून दाखवलं तर तिचा नवीनच प्रश्न: विठ्ठल मंदिरात टाळ वाजवू देतील का?

प्रतिसाद ३
संरक्षित स्मारक आहे, मोठ्याने भजन नको. रखवालदार तिथले सूर निघणारे दगडी खांबही वाजवू देत नाहीत, लोकांनी ठोकून ठोकून खराब केले म्हणून. त्यापेक्षा आईंना जवळच नदीकाठच्या पुरंदरदास मंडपापाशी न्या. कर्नाटक संगीताचे पितामह म्हणतात ते हेच, आणि पदांमध्ये नाममुद्रा "पुरंदर विठ्ठल". मंडपात बसून हळू आवाजात एक अभंग म्हटला तर कोण अडवणार? फक्त वाट दगडगोट्यांची आहे, नदीला पाणी जास्त असेल तर जाऊ नका. काठी बरोबर असू द्या.

धागाकर्ता
काठी ती घेत नाही. वारीत पण नाही घेतली म्हणते. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालेल, त्याची उंची बरोबर आहे.