रुपया घसरूनही निर्यातदार का बुडाले?

भोसरीकर: 2008 च्या आरंभी डॉलर 40 रुपयांच्या आत होता आणि मार्च 2009 मध्ये तो 50 च्या वर गेला. मग प्रत्येक डॉलरमागे जास्त रुपये मिळून पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या निर्यातदारांची चांदी व्हायला हवी होती, ती का झाली नाही?

जुना निर्यातदार: दर वाढला, पण जागतिक मंदीमुळे मालाला गिऱ्हाईक उरले नाही. शिवाय 2007 मध्ये रुपया वधारत असल्याने आमच्यासारख्या अनेकांनी पुढचे डॉलर 40 च्या आसपास बँकेला आगाऊ विकून ठेवले होते. ऑर्डरी रद्द झाल्यावर तेच डॉलर बाजारातून चढ्या भावाने घेऊन करार पुरा करावा लागला. माझ्या शेडमध्ये जर्मन ग्राहकाच्या मापाने कातलेल्या फ्लँजच्या (पाइप जोडायच्या धातूच्या कड्यांच्या) पेट्या सात महिने पडून होत्या. ते माप इथे कोणाच्या उपयोगाचे? शेवटी भंगाराच्या भावाने दिल्या.

इतिहासवेडी: अमेरिकन यादवीच्या काळात, 1861 ते 1865 मध्ये, अमेरिकेचा कापूस येईनासा झाल्याने मुंबईच्या कापसाला असाच सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपताच तो कोसळला आणि कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यही त्यात सापडले. बँक ऑफ बॉम्बेही तगली नाही.

भोसरीकर: म्हणजे विनिमय दरापेक्षा मागणी महत्त्वाची. पैसे बुडू नयेत म्हणून विमा नव्हता का?

जुना निर्यातदार: ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा असतो, पण तो मुख्यतः पाठवलेल्या मालाच्या वसुलीसाठी. माझा माल तर शेडबाहेर पडलाच नव्हता, आणि त्या जोखमीची वेगळी पॉलिसी घ्यायचे तेजीच्या दिवसांत सुचले नाही.