‘बटणं बडवणाऱ्यांना ताल काय कळणार’ म्हणे!

मात्राचोर:
शेजारच्या ‘सुट्टीत मुलांना काय शिकवावं’ धाग्यावर धाधिंना यांनी रिदम गेम्सचा (गाण्याच्या ठोक्यावर बटणं दाबायचे व्हिडिओ गेम) निकाल लावून टाकलाय. त्यांचंच वाक्य देतो: “पडद्यावर ठिपका आला की बटण दाबायचं, याला ताल म्हणत असाल तर लिफ्टमनला उस्ताद म्हणा. समेला बाण नसतो.” (सम म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा.) खाली +१ चा पाऊस. तिथे उत्तर लिहायला बसलो तर ते मूळ धाग्याहून मोठं व्हायला लागलं, म्हणून हे वेगळं बिऱ्हाड.

ठिपका ‘आला की’ दाबलंत तर तो गेलेला असतो. काही दिसलं-ऐकलं की बोट हलेपर्यंत माणसाचे १५० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. ओसू नावाच्या रिदम गेममधल्या कडक मॅपवर (मॅप म्हणजे गाण्यावर बांधलेला डाव, कडकपणा ‘ओडी १०’) पूर्ण ३०० गुण हवे असतील तर ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे २० मिलिसेकंदांत बोट पडावं लागतं. म्हणजे बोट आधीच निघालेलं असतं. कुठलं बटण ते ठिपका सांगतो, कधी ते गाणं सांगतं. नवखे ठिपक्याकडे डोळे फाडून बघतात आणि मार खातात. मुरलेले खेळाडू उलट स्क्रोलचा, म्हणजे ठिपके सरकण्याचा, वेग वाढवून घेतात. बघणाऱ्याला वाटतं बापरे, पण वेग वाढला की दोन ठिपक्यांत अंतर पडतं, गर्दी मोकळी होते, वाचणं सोपं जातं. लय तीच राहते.

आता मजा कशाची, तर स्वतःचीच गोष्ट सांगतो. सहा वर्षं तबला शिकलो. सर दर आठवड्याला एकच म्हणायचे, “घाई करतोस.” मला वाटायचं माझ्यावर त्यांचा राग आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी ओसूचा ताइको (जपानी ढोल) मोड लावला. त्यात प्रत्येक ठोका किती आधी-नंतर पडला त्याची रेघ खाली उमटते. पहिलं गाणं संपलं आणि बघतो तर रेघा सगळ्या डावीकडे, म्हणजे आधी. एकजात. सर खरं बोलत होते हे मला पडद्यावरच्या ढोलाने सांगितलं. (मेट्रोनोमबरोबर टिचक्या मारायला सांगितल्या तर बहुतेक माणसं किंचित आधीच मारतात, हे नंतर वाचलं. तेव्हा माहीत असतं तर सरांना ऐकवलं असतं.) त्या रेघा मधोमध आणण्यात माझे दोन महिने गेले आणि इतका आनंद मला तबल्यातल्या ‘कायदा’ या रचनेच्या रियाजात कधी झाला नव्हता. आता हाणा.

धाधिंना:
माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. घरात एवढी किंमत नाही.

पण आपल्याच गोष्टीचा अर्थ आपल्याला कळलेला दिसत नाही. सहा वर्षं गुरू कानीकपाळी ओरडत होता ते ऐकलं नाहीत, रेघ दिसल्यावर पटलं. डोळ्यांनी. माझं म्हणणं तेच आहे.

अतिविलंबित एकताल घ्या. एक मात्रा चार-पाच सेकंदांची, बारा मात्रांचं आवर्तन (तालाची एक फेरी) जवळपास मिनिटाचं. मधली जागा रिकामी, ती ज्याची त्याने मनात भरायची. तुमच्या खेळात १२० च्या लयीला दर अर्ध्या सेकंदाला ठोका, आणि प्रत्येक ठोक्यावर पाटी. रिकामी जागा आहे कुठे? गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा आला, या खेळांतला पटाईत. बोटं सुरेख, दुगुण पहिल्या महिन्यात. एकदा लेहरा (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून) बंद केला आणि म्हटलं, नुसता तीनतालाचा ठेका धर. तिसऱ्या आवर्तनात खाली (बिनटाळीची मात्रा) कुठे नि सम कुठे, पत्ता नाही. “सर, समोर काही दिसत नाहीये,” म्हणाला. शब्दशः.

जर्सीचा_नाना:
+१ धाधिंना. २००७ साली मुलाला गिटार हिरो घेऊन दिला. पाच रंगीत बटणांची प्लास्टिकची गिटार. वाटलं, यातून खऱ्या गिटारकडे वळेल. एक्स्पर्टपर्यंत पोचला पठ्ठ्या, खरी गिटार आणली तर तारा टोचतात म्हणून दोन दिवसांत कोपऱ्यात. २०११ मध्ये कंपनीने तो धंदाच गुंडाळला, पण प्लास्टिकची गिटार अजून आमच्या गराजमध्ये आहे. बायको दर उन्हाळ्यात विचारते, काढू का?

बाणशय्या:
नाना, क्रिकेटचा गेम घेऊन दिला असता तर पोरगा रणजी खेळला असता का? गेम हा गेम आहे. कशासाठी तरी ‘उपयोगी’ असलाच पाहिजे हा आपला मराठी रोग.

मी पायवाली. डीडीआर (डान्स डान्स रेव्होल्यूशन, पायाने बाण दाबायचा खेळ) १९९८ चं, चार बाण. आपल्याकडे मॉलमध्ये दिसतं ते बहुधा कोरियन पंप इट अप, चार कोपरे आणि मधला एक, पाच पॅनेल. ‘बाण दिसतो म्हणून जमतं’ म्हणणाऱ्यांनी हिडन लावून बघावं. बाण वर सरकतात आणि रेषेला पोचायच्या आधी गायब होतात. शेवटचा टप्पा अंदाजानेच.

अवांतर: आमच्या इथल्या मॉलमधल्या मशीनचा डावा खालचा पॅनेल दोन वर्षं मेलेला आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “जोरात मारा मॅडम.” कार्डात ८० रुपये अडकलेत ते परत मिळत नाहीत. ताल-बिल सोडा, आधी हे कोणी बघेल का?

ओसाकाची_वहिनी:
ताइकोबद्दल सांगते, कारण ते रोज येता-जाता दिसतं. ‘ताइको नो तात्सुजिन’ २००१ पासून गेम सेंटर्समध्ये आहे. खराखुरा वाटावा असा ढोल, लाल ठिपका आला की तोंडावर ‘डोन’, निळा आला की कडेवर ‘का’. ऑफिस सुटलेले टायवाले पुरुष बॅगेतून स्वतःच्या काठ्या काढतात, शंभर येन टाकतात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता बडवतात आणि घरी जातात.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना उभं केलं. त्यांचं आयुष्य भजनी मंडळात टाळ वाजवण्यात गेलेलं. पहिलं गाणं साफ पडलं, ठिपक्यांच्या मागे धावल्या. दुसऱ्याला डोळेच मिटले. मी म्हटलं, आता गेलं. तर लाल-निळा सगळा चुकला, पण काठी पडत होती ती बरोब्बर ठोक्यावर. यंत्र ‘चूक’ म्हणतंय, बघणारे दोघे-तिघे माना हलवतायत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “त्याला माझा ताल नको होता, त्याची भाषा हवी होती.” आता हे कोणाच्या बाजूने मोजायचं ते तुम्ही ठरवा.

धाधिंना:
सासूबाईंना साष्टांग दंडवत. माझ्या बाजूने मोजा.

मात्राचोर:
अजिबात नाही. डोळे मिटून ठोका सापडला कारण खेळ ठोक्यावरच बांधलेला आहे!

आणि ‘त्याची भाषा’ सगळ्याच खेळांत सारखी नसते. बीटमानियात (१९९७) बटणालाच सुराचा तुकडा बांधलेला असतो, बटण चुकलं की गाण्यात भोक पडतं. गिटार हिरोत चुकलात की गिटारच गप्प होते. डीडीआरला फरक पडत नाही, पाऊल चुकलं तरी गाणं तसंच चालू. आणि ज्या खेळापासून आजचा हा प्रकार रुळला, तो पॅरॅपा द रॅपर (१९९६), सरळसरळ सवाल-जवाब आहे. मास्तर ओळ म्हणतो, आपण परत म्हणायची. जशीच्या तशी म्हटलीत तर ‘गुड’. त्यावरचं ‘कूल’ हवं असेल तर लयीत राहून स्वतःचं काहीतरी घालावं लागतं. तबल्याच्या क्लासात मला सहा वर्षांत ती परवानगी मिळाली नव्हती.

कानात_वारं:
माझी गोष्ट ऐका आणि हसा. तीन महिने मी स्वतःला बेताल समजत होतो. फोनवर कुठलाही रिदम गेम, सगळं ‘लेट’. बायकोला म्हटलं, आपल्या घराण्यातच नाही. ती म्हणाली, तुझे वायरलेस इअरबड काढ. काढले. सुटलो. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे येतो. सिनेमात ते ओठांशी जुळवून घेतात म्हणून कळत नाही, इथे तुम्ही आत्ता दाबलेल्या बटणाला कोण जुळवणार? ऑफसेट (उशीर भरून काढायचं सेटिंग) लावता येतो, पण माझ्या बड्सचा उशीरही रोज वेगळा. कोणी चांगले वायरवाले सुचवेल का?

आवाजाचा_वेग:
ब्लूटूथ कशाला, हवाही उशीर करते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे मीटरमागे तीन मिलिसेकंद. ढोल-ताशा पथकाची शेवटची रांग ताशापासून ३० मीटरवर असेल तर तिला ताशा ९० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. ओसूच्या त्या कडक हिशोबाने अख्ख्या रांगेने ३०० विसरावे. तरी यांना वाटतं आपण तालात. विसर्जनाच्या दिवशी जो गोंगाट ऐकू येतो त्याचं हे शास्त्रीय कारण.

टिपरू:
कमरेला कधी ढोल बांधलाय का हो? की गॅलरीतून कानात बोटं घालूनच शास्त्र?

अकरा वर्षं वाजवतोय. मागची रांग ताशा ऐकून वाजवत नाही, पहिल्या आठवड्यात हेच मोडून काढतात. पुढच्याचं टिपरू बघायचं, त्याचा खांदा बघायचा. ‘हात’ (वाजवायची चाल) बदलायचा असेल तर ताशावाला खूण करतो, ती रांगेरांगेने मागे येते. ऐकून वाजवलंत तर मागे पडणारच, हे आम्हाला तुमच्या ३४० शिवाय माहीत आहे.

आवाजाचा_वेग:
माझ्या आईचं बायपास झालं त्या वर्षी आमच्या चौकात दीड तास स्थिर वादन चालू होतं. तेव्हा कोणी कोणाचा खांदा बघितला नाही.

टिपरू:
त्याबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण त्यासाठी ‘बेताल’ कशाला म्हणायचं? मोठ्याने वाजवतो म्हणा. ते मान्य.

पायरीवरचा_पाहुणा:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक:
डेसिबल, मंडळं आणि वर्गणी यांना स्वतंत्र धागे आहेत. इथे पुढचा असा प्रतिसाद उडेल. विषय रिदम गेम्स आहे, आठवण करून देतो.

मात्राचोर:
संपादक, थांबा, विषयच चालू आहे! टिपरू काय म्हणाले वाचा: मागची रांग डोळ्यांनी वाजवते. पुढच्याचं टिपरू पडायला निघालं की आपलं निघतं. हा ठिपका नाही तर काय आहे? धाधिंना, आता अकरा वर्षांच्या ढोलवाल्यालाही लिफ्टमन म्हणणार का?

धाधिंना:
शब्द तोंडात घालू नका. मैफलीत सतारवादक आणि तबलजी समेआधी एकमेकांकडे बघतात, हे मलाही ठाऊक आहे. डोळ्यांवरचा आक्षेप अर्धा मागे घेतो. अर्धा म्हणजे पाव.

पण टिपरूंचा पुढचा माणूस स्वतः चुकू शकतो, तुमचा ठिपका चुकत नाही. चुकणाऱ्या माणसाबरोबर राहणं हाच तर ताल. आता वाद पुरे, परीक्षा द्या. ६० च्या लयीत तीनताल लावा, सोळा मात्रा सोळा सेकंदांत. एक आवर्तन ऐका, मग आवाज बंद, पडदा बंद. चार आवर्तनं मनात. पाचव्या समेला टाळी. कोणाला तरी घड्याळ घेऊन बसवा. आकडा प्रामाणिकपणे इथे लिहा.

बाणशय्या:
पॉपकॉर्न घेऊन बसलेय. ८० रुपयांचं काय झालं?

जर्सीचा_नाना:
मी केलं. पाच मात्रा उशीर. माझा मुलगा (तोच, गिटार हिरोवाला, आता तिशीतला) फोनवर होता, त्यानेही केलं. अर्धी मात्रा. गराजमधली गिटार तूर्त राहू देतो.

धाधिंना:
अर्धी मात्रा वाईट नाही. खरी गिटार सोडायला नको होती त्याने.

मात्राचोर:
केलं. बहीण स्टॉपवॉच घेऊन बसली होती. पहिली तीन आवर्तनं छान वाटत होतं, चौथ्यात खालीनंतर पायाचा ठेकाही थांबवला, म्हटलं फसवणूक नको. टाळी मारली. पाऊण मात्रा आधी.

धाधिंना:
घाई करताय. सरांना माझा नमस्कार सांगा.

कानात_वारं:
ते वायरवाल्या इअरफोनचं राहिलंच. फोनला गोल जॅक नाहीये, मधे लावायचं ते कनेक्टर घेतलं तर पुन्हा उशीर होतो का?