प्रवाळांच्या टाकीसाठी घरी मल्टिचिप एलईडी दिवा: चिप, ड्रायव्हर आणि हीटसिंक यांविषयी

खारेपाणी_ठाणे

नमस्कार. माझ्याकडे ६० × ४५ × ४५ सेंटिमीटर मापाची, साधारण १२० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात मश्रूम, झोअँथस आणि एक लेदर एवढीच मऊ प्रवाळे आहेत. खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे ती मी ठेवत नाही आणि पुढेही ठेवणार नाही. टी-५ नळ्या आता जुन्या झाल्या असून त्यांच्या जागी स्वतः एलईडी दिवा बनवण्याचा विचार आहे. अनेक सूक्ष्म डाय (प्रकाश देणारे अर्धवाहकाचे तुकडे) एकाच धातूच्या पट्टीवर बसवलेली मल्टिचिप मला सोयीची वाटते, कारण सुट्या एलईडींना एकेक करून डाख देत बसावे लागत नाही. १०० वॅटची एकच ‘२०,००० केल्विन’ चिप मधोमध लावावी, की ५० वॅटच्या दोन लावाव्यात? एप्रिल-मेच्या उकाड्यात संगणकातला जुना पंखा पुरेल का? घरात ३६ व्होल्टचा साधा एसएमपीएस (घरच्या विजेपासून ठरावीक व्होल्टचा डीसी देणारा पुरवठा) पडून आहे. तो थेट जोडला तर चालेल का, हेही कृपया सांगावे.

डाख_आणि_तार (पुणे)

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण अशा दिव्यांमध्ये सर्वाधिक नुकसान तिथेच होते. साधा एसएमपीएस थेट जोडू नये. ५० वॅटच्या चिपमध्ये सहसा दहा-दहा डायांच्या पाच माळा एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात. निळ्या किंवा पांढऱ्या डायला साधारण ३ ते ३.४ व्होल्ट लागतात, म्हणून संपूर्ण चिप ३० ते ३४ व्होल्टवर सुमारे दीड अँपिअर घेते. चिप तापली की तिला लागणारा व्होल्टेज उतरतो. पुरवठ्याचा व्होल्टेज मात्र तेवढाच राहत असल्यामुळे प्रवाह वाढतो, प्रवाह वाढल्यामुळे ती आणखी तापते, आणि एखादी माळ तुटेपर्यंत हे चक्र थांबत नाही. 

म्हणून प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर घ्यावा. मीन वेलचा एलडीडी-१०००एच या कामाला योग्य आहे. तो ९ ते ५६ व्होल्ट डीसी घेतो, १ अँपिअर प्रवाह देतो आणि पीडब्ल्यूएमने (प्रवाह अतिजलद चालू-बंद करणाऱ्या संकेताने) मंदही करता येतो. मात्र त्याला चिपच्या व्होल्टेजपेक्षा तीनेक व्होल्ट जास्त पुरवठा लागतो, त्यामुळे आपला ३६ व्होल्टचा एसएमपीएस अगदी काठावर बसतो. ४८ व्होल्टचा, १०० वॅटच्या आसपासचा घेतलेला बरा. प्रत्येक चिपला स्वतंत्र ड्रायव्हर द्यावा. एका ड्रायव्हरवर दोन चिप समांतर जोडू नयेत.

चिप ५० वॅटच्या दोनच घ्याव्यात आणि त्या सुमारे ९०० मिलिअँपिअरवरच चालवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्या प्रवाहावर दोन्ही मिळून ५५ ते ६० वॅट घेतील आणि त्यातले साधारण ४० वॅट उष्णता होऊन बाहेर पडतील. खोली ३५ अंशांवर असताना हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) ५५ अंशांच्या आत ठेवायचा असेल, तर प्रत्येक वॅटमागे फक्त अर्धा अंश वाढ परवडते. पंख्याशिवाय हे साधायला फारच मोठा हीटसिंक लागेल. लांब पातींचा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा असेल, तर ते आवाक्यात येते. असे हीटसिंक मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. थर्मल पेस्ट अगदी पातळ पसरावी, कारण तिचे काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक फटी भरण्याचे आहे आणि जाड थर उलट उष्णता अडवतो. पंखा कधीतरी बंद पडणारच, हे गृहीत धरून ६० अंशांना उघडणारा थर्मल स्विच हीटसिंकवर बसवून तो पुरवठ्याच्या तारेत घालावा.

निळा_प्रकाश (मुंबई)

विजेचा भाग वर नीट आला आहे. मी प्रवाळांच्या बाजूने लिहितो. ‘२०,००० केल्विन’ हा आकडा दिवा आपल्या डोळ्यांना किती निळसर दिसेल एवढेच सांगतो. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या झुझँथेली शैवालाला कोणती तरंगलांबी किती मिळेल, हे त्यावरून कळत नाही. त्या शैवालातील हरितद्रव्य ‘अ’ आणि ‘क’ मुख्यतः ४३० ते ४६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश शोषतात, तर पेरिडिनिन हे त्यातलेच दुसरे रंगद्रव्य त्यापुढचा निळा-हिरवा प्रकाश वापरते. म्हणून ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू हा दिव्याचा कणा असावा. त्याला ४२० चे थोडे जांभळे डाय आणि रंग नैसर्गिक दिसण्यापुरता पांढरा यांची जोड द्यावी. विक्रेता तरंगलांब्या सांगत नसेल, तर त्याची चिप घेऊ नये.

किती प्रकाश हवा, याचा ढोबळ हिशेब करता येतो. साधारण दर्जाची चिप दर वॅटला एक-सव्वा मायक्रोमोल प्रकाश देते असे धरले, तर ६० वॅटला सुमारे ७० मायक्रोमोल प्रति सेकंद होतात. आपल्या टाकीचे क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर आहे. बाहेर सांडणारा, परावर्तित होणारा आणि लेन्समध्ये अडणारा प्रकाश मिळून निम्मा वजा केला, तरी १३० च्या आसपास पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश, दर चौरस मीटरला दर सेकंदाला मायक्रोमोलमध्ये) उरतो. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरतो, आणि मश्रूम तर त्याच्या खालच्या टोकालाच सुखी असतात. १०० वॅटची चिप पूर्ण ताकदीने मधोमध लावली असती, तर तिच्या थेट खाली झळ आणि खडकामागे गडद सावली पडली असती.

नवा दिवा लावल्यावर २०-२५ टक्क्यांवरून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवावे. मश्रूम आक्रसून फिके पडू लागले, तर प्रकाश जास्त झाला आहे. झोअँथसचे देठ लांबले, तर तो कमी पडतो आहे. लेदर मात्र अधूनमधून वरचा मेणचट थर टाकण्यासाठी काही दिवस मिटून बसते, त्याचा दोष लगेच दिव्याला देऊ नये. साधे लक्समीटरही येथे फसवते, कारण ते माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्याला अधिक आणि निळ्याला फार कमी वजन देते.

खारेपाणी_ठाणे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ५० वॅटच्या दोन चिप आणि ४८ व्होल्टचा पुरवठा हे नक्की केले. बाजारात पांढरे, निळे आणि काही लाल डाय एकत्र असलेली, पण दोनच टोके असलेली चिप स्वस्त मिळते आहे. ती घ्यावी का?

डाख_आणि_तार (पुणे)

घेऊ नये. लाल डायला सुमारे २ व्होल्टच लागतात. आतली जोडणी कशी आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि लाल डायांची माळ निळ्यांना समांतर असेल, तर जवळपास सगळा प्रवाह ती एकटीच ओढून घेते. रंग वेगळे हवे असतील, तर प्रत्येक रंगाची टोके स्वतंत्र बाहेर काढलेली चिप घ्यावी आणि प्रत्येक रंगाला आपला ड्रायव्हर द्यावा. मऊ प्रवाळांसाठी लाल डायांची गरजही नाही.

किनारपट्टी (रत्नागिरी)

जोडणीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात, ही कळकळीची विनंती. चिपची मागची पट्टी आणि तिची टोके यांच्यात मल्टिमीटरने तपासावे, संपर्क दिसता कामा नये. हीटसिंक अर्थिंगला जोडावा आणि टाकीचा संपूर्ण पुरवठा ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) घ्यावा. उघड्या टाकीवरून उडणारे मीठ धातूवर सतत साचत असते, म्हणून चिपखाली अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावावा, डाखांवर संरक्षक लेप द्यावा आणि पंख्याने हवा पाण्याच्या बाजूने नव्हे तर वरून ओढावी.

लेन्स ९० अंशांची घेऊन दिवा पाण्यापासून २५ सेंटिमीटरवर टांगावा. काठाचा ४५ अंशांचा किरण पाण्यात शिरताना सुमारे ३२ अंशांवर वळतो, त्यामुळे खाली तो वाटतो तितका पसरत नाही. दोन्ही चिप टाकीच्या लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर, म्हणजे १५ आणि ४५ सेंटिमीटरवर ठेवल्या तर कोपरेही उजळतील. पहिल्यांदा दिवा लावताना प्रवाह अगदी कमी ठेवावा आणि चिपकडे थेट पाहू नये, कारण ४२० ते ४५० नॅनोमीटरचा तीव्र प्रकाश दृष्टिपटलाला इजा करू शकतो आणि तो आपल्या डोळ्यांना त्या मानाने मंद भासतो.