मदत हवी आहे: शाळेतला संगीताचा तास वाचवायचा आहे (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे, शाळा पेठेतलीच, अनुदानित. संगीताचे सर निवृत्त झाले, जागा भरलीच नाही आणि आता ते तास स्कॉलरशिपच्या सरावाला द्यायचं घाटतंय. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, पुढच्या बैठकीत हा विषय येतोय. बहुतेक पालक खूश आहेत. त्यांना तरी काय बोलायचं, आपल्याकडं स्कॉलरशिपचं वेड केवढं आहे ते ठाऊकच आहे.

पेटी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली पडलीय, भाता फाटलेला. प्रार्थना स्पीकरवर लागते आणि पोरं नुसती ओठ हलवतात. मध्ये स्पीकर बंद पडला तेव्हा एका पोरीनं भलत्याच वरच्या पट्टीत सुरुवात केली. अंतऱ्याला नववी-दहावीच्या पोरांचे आवाज फाटले, मग काय, सगळं मैदान हसत सुटलं. सर आधी सगळ्यांना झेपेल असा सा पेटीवर द्यायचे, तो लागल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. हे कान देऊन ऐकणं आणि चारचौघांत आवाज मिसळणं पोरं शिकणार कुठं? क्लासची फी भरणं निम्म्या घरांना जमत नाही.

एकानं ‘मोझार्ट ऐकून बुद्धी वाढते’ असा फॉरवर्ड पाठवला, म्हणे हेच बैठकीत वाचून दाखव. ज्या प्रयोगावरून हे पसरलं तो १९९३ चा, कॉलेजच्या मुलांवरचा, आणि परिणाम जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकलेला. गणिताचे सर एका वाक्यात आडवं करतील. शाहू महाराजांनी गायक अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आणलं, इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेची परंपरा वगैरे सांगितलं तर माना डोलतील, तास मिळणार नाही.

दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, हे मात्र पालकांना लगेच पटेल. (गुणांसाठी गाणं हे मलाच रुचत नाही, पण तास तरी राहील.) त्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा लवकर सुरू कराव्या लागतात. शाळेतूनच मुलं बसवलीत का कुणी? तयारी आठवड्याच्या दोन तासांत होते का? मानधनावर शिक्षक ठेवला असेल तर पैसे कसे उभे केले, पालकांकडून की माजी विद्यार्थ्यांकडून?

आणि पेटीचा भाता मिरजेला न नेता इथंच कोण बदलून देतं का?