मदत हवी आहे: संधिवात, दोन लहान लेकरं आणि समुद्रातली कयाक

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरची, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. जिंतूरच्या बाईचा समुद्राशी काय संबंध, हा प्रश्न पडणारच, म्हणून आधी तेवढं सांगते. माझी पहिली नेमणूक दापोली तालुक्यात झाली आणि आंतरजिल्हा बदली होऊन घरी यायला नऊ वर्षं लागली. मराठवाड्यातले कितीतरी शिक्षक असे कोकणात अडकून बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसतात. मीही बसले होते. पण त्या नऊ वर्षांत आंजर्ल्याच्या खाडीत माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला पोहायला शिकवलं आणि पुढे मी नि एका सहकारी बाईंनी मिळून एक जुनी कयाक विकत घेतली. लांबट, प्लास्टिकची होडी, आत पाय घालून बसायची, एकटीसाठी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढलेल्या मला एवढं पाणी आपल्याला उचलून धरतं याचंच अप्रूप होतं. हर्णै बंदरातून निघून समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याला वळसा घालून परत यायला मला दीड तास पुरायचा.

बदली झाली तेव्हा सहकारी बाईंनी त्यांचा वाटा सोडून दिला आणि कयाक सामानाच्या टेम्पोत माझ्यासोबत जिंतूरला आली. आता ती सासऱ्यांच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी पडून आहे.

थोरली पाच वर्षांची, धाकटा अडीच. धाकटा तीन महिन्यांचा असताना दुखणं सुरू झालं. आधी बाळंतपणाचा अशक्तपणा वाटला. मग सकाळी बाळाच्या कपड्यांची बटणं लागेनात. भाकरी थापताना मनगटात अशी कळ यायची की भाकरी परातीतच सोडून मी हात काखेत दाबून उभी राहायची. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, तळपायाचा पुढचा भाग जमिनीला टेकवेना. आठ महिने वेदनाशामक गोळ्यांवर काढले, ते काढायला नको होते. शेवटी रक्त तपासलं, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आलं आणि आमवाताचं, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. गरोदरपणात हा आजार पुष्कळदा दबून राहतो आणि बाळंतपणानंतर उसळतो, हे मला तेव्हा कळलं. कोणा नव्या आईला अशी सकाळची आखड तासभर टिकत असेल तर तिने थांबू नये, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

बाळाला अंगावरचं दूध तोडून मेथोट्रेक्सेट सुरू केलं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. दर दोन-तीन महिन्यांनी लिव्हरची आणि रक्ताची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांची. सूज आता पुष्कळ उतरली आहे. आधी गोळी शनिवारी रात्री घ्यायचे आणि रविवारी अंगात त्राण नसायचं. म्हणजे आठवड्यातला एकमेव मोकळा दिवस झोपून जायचा. डॉक्टरांना विचारून वार बदलला. आता बुधवारी घेते.

डॉक्टर म्हणाले, हालचाल ठेवा, पण सुजलेल्या सांध्यावर जोर नको, आणि पाण्यात जायचं ते विचार करून. विचार मी गेले चार महिने करते आहे. आता विचारायची वेळ आली.

या नोव्हेंबरात चार दिवस हर्णैला जायचं ठरवतो आहोत. परभणीहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून पुढे गाडी. ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. रब्बीच्या बियाण्याची गर्दी सोडून ते येताहेत, ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. सासूबाईंचं म्हणणं वेगळं: "हात दुखायलेत अन् दर्यात कशाला जायलीस? लेकरायची माय हाइस तू." त्यांना उडवून लावावं असं मला वाटत नाही. रात्री धाकट्याला मांडीवर घेऊन त्याच बसतात, म्हणून मला झोप मिळते.

माझी खरी अडचण वेळेची आहे. मी सहावीला खारे वारे आणि मतलई वारे शिकवते. हिवाळ्यात कोकणात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी आरशासारखं असतं. ऊन चढलं की वारा फिरतो आणि दुपारपर्यंत खारा वारा चांगला जोर धरतो, पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागतात. पूर्वी मी सहाला निघून आठला परत असायचे. आता सहाला माझी बोटं वल्ह्याभोवती मिटतच नाहीत. गरम पाण्यात हात बुडवून, सावकाश हलवून साडेआठला कुठे हात माझे होतात. म्हणजे समुद्र शांत असतो तेव्हा हात बंद, आणि हात उघडतात तेव्हा वाऱ्याची वेळ जवळ आलेली. मधली दोन-अडीच तासांची फट आहे, तेवढीच माझी. आणि ताठ बोटांनी पहाटेच निघण्यात दुसराही धोका आहे: मतलई वारा पाठीवर घेऊन बाहेर जाणं फार सोपं असतं, परत येताना तोच तोंडावर असतो.

दुसरी भीती स्कर्टची. आत बसायच्या कयाकमध्ये कमरेभोवती स्प्रे स्कर्ट लावतात, पाणी आत येऊ नये म्हणून. कयाक उलटली की पाण्याखाली डोकं असताना पुढची पट्टी पकडून ओढायची, स्कर्ट सुटतो, मग बाहेर निघायचं. हे मी पूर्वी वीसेक वेळा तरी केलं आहे. परवा गोठ्यात बसून करून पाहिलं. पट्टी चिमटीत धरली, पण ओढताना बोटातून निसटली. तीनदा. कोरड्या जमिनीवर, कसलीही घाई नसताना. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तर विचारायचं ते असं. मनगट न दुखवता वल्हवायची पद्धत कोणी बदलून घेतली आहे का? माझं वल्हं अ‍ॅल्युमिनियमचं आहे, दोन्ही पाती एकमेकांशी कोनात वळवलेली, दांडा बारीक. नोव्हेंबरातली कोणती वेळ आणि कोणत्या तिथ्या घ्याव्यात? त्याआधी येलदरी धरणाच्या फुगवट्यात सराव करायचा म्हटलं तर काय काय बघावं? आणि ज्यांना लहान मुलं आहेत त्यांना: किनाऱ्यावर मुलांसोबत असलेल्या, पोहता न येणाऱ्या माणसाला तुम्ही नेमकं काय सांगून निघता? "जाऊ नका" एवढंच सांगायचं असेल तर ते मी स्वतःला रोज सांगते. कसं जायचं ते सांगणारं कोणी हवं आहे.

प्रतिसाद, दापोलीहून:

ताई, वेळेचं तुम्ही बरोबर पकडलंय. आमच्याकडे भरतीचा अंदाज तिथीवरून काढतात हे तुम्हाला ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. म्हणून अष्टमी घेऊ नका. त्या दिवशी भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, ओढ कमी, हे खरं, पण तुमच्या फटीत सगळा वेळ ओहोटीच असेल आणि परतताना बंदरात गाळ लागेल. एकादशी-द्वादशी घ्या. भरती सव्वाआठ-नऊच्या सुमारास, म्हणजे तुमचे हात मोकळे होतात तेव्हा पाणी भरलेलं आणि जवळजवळ थांबलेलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापासूनही थोडं दूर. कार्तिकात हे तुळशीच्या लग्नाचे दिवस येतात. हा अंदाजच आहे, छापील तक्ता बघूनच निघा. पाऊणेअकराला किनाऱ्यावर, मग किल्ल्याचा वळसा पुरा झालेला असो वा नसो.

आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीत जाऊ नका. बाहेर निघणारं पाणी आणि आत येणारी लाट तिथे भिडतात, तिथे मनगटाची परीक्षा नको.

आणि एकटीची कयाक यावेळी गोठ्यातच राहू दे. वर बसायची, दोघांची कयाक घ्या. तिला स्कर्टच नसतो. उलटली तर तुम्ही आपोआप पाण्यावर, लाइफ जॅकेटमध्ये. पुढे तुम्ही, मागे चांगला वल्हवणारा. हात थकले तर वल्हं मांडीवर ठेवा, कयाक चालत राहील. सोबत एक मच्छीमार होडी ठरवा. किल्ल्यावर माणसं नेणाऱ्या होड्या बंदरात असतातच.

प्रतिसाद, लातूरहून:

मी कयाक कधी हातात धरली नाही. शिवणकाम करते. अकरा वर्षं हाच आजार आहे, त्यामुळे हातांचं बोलते.

दांडा बारीक असेल तर बोटांना जास्त आवळावं लागतं. क्रिकेटच्या बॅटचं रबरी कव्हर कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतं. मी ते कात्रीच्या दांड्यांना आणि उलथन्याला चढवलंय. दोन चढवा एकावर एक. जाड दांडा सैल धरता येतो.

दुसरं, दुखण्याचा हिशेब कामानंतर करायचा. काम थांबवून दोन तास झाले तरी दुखणं आधीपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या वेळी कमी करायचं. सांधा गरम आणि लाल असेल त्या दिवशी काहीच नाही, मग तिकीट काढलेलं असो की हॉटेल. आणि निघायच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊन जाऊ नका. दुखणं झाकलं की हात खोटं सांगतो. सहलीसाठी म्हणून स्वतःहून स्टेरॉइड वाढवणारे लोक मी पाहिलेत, ते तर अजिबात नको.

खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी पाय कापला तर लगेच धुऊन दाखवून घ्या. आपल्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, साधी जखम चिघळते. बूट घालूनच उतरा.

सासूबाईंना सोबत न्या, असं मला वाटतं. त्यांनी डोळ्यांनी बघितलं तर फरक पडेल.

प्रतिसाद, नांदेडहून:

वल्ह्याच्या दोन पात्यांमधला कोन काढून टाका. मधल्या जोडाला बटण असतं, तिथे शून्यावर आणा. कोन असला की प्रत्येक वल्ह्याला एक मनगट मागे मुरडावं लागतं. तासाभरात हे शेकडो वेळा होतं. वल्हं खालच्या कोनात, जवळजवळ आडवं ठेवा आणि हाताने ओढण्याऐवजी कमरेतून वळा. वरच्या हाताची बोटं उघडी ठेवून नुसत्या तळव्याने ढकलायचं. परवडलं तर कार्बन फायबरचं, लहान पात्याचं वल्हं घ्या. वजनातला फरक पहिल्या दहा मिनिटांत खांद्याला कळतो.

येलदरीच्या फुगवट्यात बुडालेली झाडं आणि मासेमारीची जाळी हे दोन धोके. पाणी उतरलं की खोडं पृष्ठभागाच्या जरा खालीच असतात. धरणाच्या शाखा कार्यालयात लेखी विचारून घ्या आणि मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींना भेटा. थर्माकोलच्या तराफ्यावर रोज फिरणाऱ्या माणसाला कुठे काय आहे ते तळहातासारखं माहीत असतं. भिंतीकडे आणि सांडव्याकडे अजिबात नाही.

धागाकर्ती:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल बॅटची दोन कव्हरं आणली. बोटं खरोखर सैल राहतात, धाकट्याने लगेच तिसरं स्वतःच्या बॅटला मागितलं. कोनाचं बटण जोडाच्या आतच होतं. इतकी वर्षं मी ते कधी फिरवलं नव्हतं.

दोघांच्या कयाकचं वाचून पहिल्यांदा घशात आवंढा आला. एकटीने सुवर्णदुर्गाला जाणं ही त्या नऊ वर्षांतली माझी स्वतःची गोष्ट होती. मग ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मागे कोणीतरी आहे म्हटल्यावर मी तरी किनाऱ्यावर पोरांकडे बघू शकेन, नाहीतर सगळा वेळ तुझ्याकडेच बघीन." ते असं काही म्हणतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तर दोघांची कयाक. त्यांच्याजवळ कागदावर तीन गोष्टी लिहून देणार आहे: निघायची वेळ, पाऊणेअकरा, आणि होडीवाल्याचा नंबर. पाऊणेअकराला आम्ही दिसलो नाही तर पाण्यात उतरायचं नाही, फोन करायचा.

दिवाळीची सुट्टी तुळशीच्या लग्नाच्या आधीच संपते, म्हणून दोन दिवस किरकोळ रजा टाकते आहे. सासूबाई अजून हो म्हणाल्या नाहीत. पण लेकरांना टोप्या लागतील का, असं काल विचारलं.

दापोलीकरांना एकच आणखी: हर्णैला कयाक पाण्यापर्यंत नेताना उचलावी लागेल का? चाकांची गाडी वाळूत चालते, की तिथे खडक आहेत? माझ्याच्याने एका टोकाचंही वजन आता उचलवत नाही, आणि ह्यांच्या कडेवर धाकटा असेल.