आइसलंड, सप्टेंबर : अख्खा रिंगरोड की नुसता दक्षिण किनारा? (सोबत आई-बाबा)

मंडळी, मदत हवी आहे.

सप्टेंबरच्या मध्यात आम्ही दोघं आणि माझे आई-बाबा आइसलंडला निघालोय. हाताशी जेमतेम आठवडा. शेंगेन व्हिसा झाला, घोडं अडलंय मार्गावर.

नवऱ्याला अख्खा रिंगरोड, म्हणजे देशाला वळसा घालणारा रस्ता करायचाय. तेराशेहून जास्त किलोमीटर! मला वाटतं, रेक्याविकहून सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे धबधबे, वीक गाव करत योकुलसारलोन सरोवरातल्या हिमखंडांपर्यंत जावं आणि त्याच रस्त्याने परतावं. उत्तरेकडच्या मीवात्नचा उकळता चिखल हुकेल, त्याची हळहळ आहेच.

आईचे गुडघे कुरकुरतात. बुटांना क्रॅम्पॉन (लोखंडी खिळ्यांचे पट्टे) बांधून हिमनदीवर चालणं तिला झेपेल का? की योकुलसारलोनची बोटच बरी? बर्फाच्या गुहांवर मी फुली मारलीय. 2024 च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक दगावला होता.

शिवाय बाबांचा रोजचा प्रश्न : ज्वालामुखी फुटला तर विमान उडेल ना? ग्रिंडाविक गाव 2023 च्या नोव्हेंबरात रिकामं केलं, आणि केफ्लाविक विमानतळ त्याच द्वीपकल्पावर आहे, हे त्यांनी शोधून काढलंय.

प्रतिसाद १
बाबांना सांगा, 2010 चा एय्याफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखी बर्फाखाली फुटला होता. लाव्हा आणि वितळलेलं पाणी एकत्र आल्यामुळे बारीक राख उंच उडाली आणि युरोपभर विमानं अडकली. ग्रिंडाविकजवळ लाव्हा जमिनीच्या भेगांतून वाहतो, राख फारशी नसते. तिथे उद्रेक चालू असतानाही विमानतळ सहसा सुरूच राहिलाय.

प्रतिसाद २
दक्षिण किनाराच करा, नवरोबांची समजूत काढा. आईंना बोट. तुम्ही दोघं स्काफ्ताफेलला हिमनदीवर चालून या.

क्रमांकात एफ अक्षर असलेल्या कच्च्या डोंगरी रस्त्यांवर जाणार नसाल तर साधी गाडी चालेल. मात्र वाऱ्याला जपा. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार हाताने घट्ट धरूनच उघडा. ते उलटं फाकलं तर बहुतेक विमे हात वर करतात. वीकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावरही समुद्राकडे पाठ करू नका, शांत वाटणारी लाट अचानक आत ओढते.

धागाकर्ती
दोघांचे आभार! नवऱ्याला दुसरा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, अजून गप्प आहे. बाबा शुद्ध शाकाहारी आहेत, वाटेत खायचं काय?

प्रतिसाद २
बोनस या किराणा दुकानाच्या पाटीवर गुलाबी डुक्कर दिसेल, बिचकू नका. आत ब्रेड, फळं, स्कीर (घट्ट दह्यासारखा पदार्थ) सगळं मिळतं. वीकच्या पुढे दुकानं विरळ होतात, तेव्हा पिशव्या आधीच भरा.